रेव्हरंड नारायण वामन टिळक : श्रद्धा पालटली, वाणी घरीं आली

धर्मांतर केलेला मनुष्य आपल्या देशास व भाषेस मुकला, ही समजूत आमच्या लोकांत फार जुनी आहे. पिढीजाद धर्म सुटला कीं त्याबरोबर पोशाख सुटतो, पोशाखाबरोबर बोली सुटते, बोलीबरोबर जिव्हाळा सुटतो व शेवटीं तो मनुष्य ना इकडचा ना तिकडचा असा होऊन बसतो, असें पुष्कळांस वाटतें. ही समजूत सर्वस्वीं निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तशीं उदाहरणें घडलीं आहेत. परंतु कांहीं ठिकाणीं घडलें तें सर्वत्र घडलेंच पाहिजे, हा न्याय तर्कशास्त्रास मान्य नाहीं व व्यापारासही मान्य नाहीं. एका पेढीचें दिवाळें निघालें म्हणून साऱ्या बाजारपेठेचीं खातीं बुडीत धरण्याचा विचार कोणी शहाणा सावकार करीत नाहीं. तो प्रत्येक खातें निरनिराळें उघडून पाहतो. माणसांविषयीं मत बनवितांना एवढी तरी काळजी घ्यावयास नको काय?

असें एक खातें आज आम्ही वाचकांपुढें उघडून ठेवणार आहों. तें कविवर्य रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें होय. लोकमान्य टिळकांशीं यांचा घोटाळा कोणी करूं नये. आडनांव एक, कोंकणपट्टी एक, काळही बहुतांशीं एकच. परंतु दोघांचे मार्ग भिन्न होते. नारायणरावांस वारून आतां शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं आहेत. फुलामुलांचे कवि म्हणून त्यांचें नांव शाळेंत गेलेल्या बहुतेकांच्या कानांवरून गेलेलें असतें. मात्र या कवीची श्रद्धा व त्याची कविता यांचा एकमेकींशीं काय संबंध होता, याचा विचार थोडे करतात. ख्रिस्ती झाल्यानें टिळकांची वाणी परकी झाली नाहीं. उलट त्यांची श्रद्धा जसजशी खोल गेली तसतशी ती वाणी अधिकाधिक देशी होत गेली, असें आमचें मत आहे. त्याचा पुरावा त्यांच्या चरित्रांतच आहे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबांत झाला. वडील वामनराव सरकारी नोकरींत होते व स्वभावानें कडक आणि तापट होते. आई जानकीबाई मायाळू, देवभक्त आणि काव्याची आवड असलेली अशी होती. मुलाचा सारा ओढा आईकडे होता. ती त्यास लहानपणींच अंतरली व घराशीं बांधून ठेवणारा धागा तुटला. मग नारायणानें घर सोडून नाशिक गांठलें. तेथें परक्यांच्या आश्रयावर दिवस काढून त्यानें गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ संस्कृताचें अध्ययन केलें. इंग्रजी शाळेंतही कांहीं काळ काढला. पण परीक्षांची शिडी चढून सरकारी खुर्चीवर जाऊन बसण्याचा योग त्याच्या नशिबीं नव्हता. संस्कृत काव्याचा व्यासंग आणि आईच्या आठवणीनें हळवें झालेलें मन, एवढेंच भांडवल घेऊन हा तरुण जगांत उतरला.

इ. स. १८८० मध्यें त्यांचा विवाह नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखल्यांच्या मनकर्णिकेशीं झाला. वधूचें वय त्या वेळच्या रीतीप्रमाणें अकरा-बारा वर्षांचें होतें. सासरीं तिचें नांव लक्ष्मी ठेवण्यांत आलें. पुढलीं पंधरा वर्षें या दांपत्यानें स्थैर्य म्हणून पाहिलें नाहीं. टिळकांनीं कधीं मास्तरकी केली, कधीं पुराणप्रवचनें सांगितलीं. मन रमलें नाहीं कीं ते उठून चालते होत, व कित्येकदां घरीं सांगूनही जात नसत. हातीं आलेला पैसा दुसऱ्या दिवसापर्यंत राहत नसे. वाटेंत कोणी गरजू भेटला कीं तो त्याचा होई. पुढें नागपुरास श्रीमंत अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयानें त्यांस संस्कृत ग्रंथांचें काम मिळालें व ‘ऋषि’ नांवाचें मासिकही त्यांनीं चालविलें. या काळांतील त्यांची कविता पंडिती वळणाची आहे. अक्षरगणवृत्तें, समास व अलंकार यांवर त्यांची हुकमत होती. विद्वानांच्या सभेंत वाहवा मिळवावी अशी ती विद्या होती. परंतु चक्कीवर दळणाऱ्या बाईनें गुणगुणावें असें त्यांत थोडेंच होतें.

बाहेरून पाहणारास हा मनुष्य केवळ लहरी दिसला असेल. आंत मात्र मोठी खळबळ चालू होती. जन्मावरून माणसाची किंमत ठरविणारी जातिव्यवस्था त्यांस पटेनाशी झाली होती. नुसत्या कर्मकांडावर त्यांचें मन बसेना. देव एक असावा, माणसें सारखीं असावीं व धर्म असा असावा कीं त्यानें देशाचें उत्थान व्हावें, असे विचार त्यांच्या डोक्यांत घोळत असत. इतके कीं असा एखादा नवा धर्म आपणच स्थापावा असेंही त्यांच्या मनानें घेतलें होतें. आमच्या प्रांतांत त्या काळीं असे विचार करणारे दुसरेही पुष्कळ होते. त्यांपैकीं कित्येक प्रार्थनासमाजांत गेले, कित्येक सत्यशोधक समाजांत गेले, व कित्येकांनीं विचार मनांत ठेवून आचार पूर्वीचाच चालू ठेवला. टिळकांस हा तिसरा मार्ग कधींच साधला नाहीं. मनांत एक व जनांत एक असें वागणें त्यांच्या प्रकृतीस मानवत नव्हतें.

इ. स. १८९३ मध्यें ते नोकरीच्या शोधांत नागपुराहून राजनांदगांव संस्थानाकडे निघाले असतां आगगाडीच्या डब्यांत त्यांस एक युरोपियन गृहस्थ भेटला. साहेब म्हटला कीं तो हिंदी प्रवाशास डब्यांतून उठविणार, असा त्या काळचा अनुभव. यानें मात्र टिळकांस आदरानें वागविलें, त्यांच्याशीं काव्यशास्त्राच्या गोष्टी केल्या व मग धर्माविषयीं विचारलें. उतरण्यापूर्वीं त्यानें नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हातीं दिली आणि दोन वर्षांच्या आंत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असें भाकीत केलें. टिळकांस तें भाकीत हास्यास्पद वाटलें. पुस्तक वाचण्याचें वचन दिलें होतें, म्हणून पेन्सिलीनें खुणा करीत एकदां वाचून संपवावें एवढ्याच हेतूनें त्यांनीं तें उघडलें. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील पांचवा, सहावा व सातवा हे तीन अध्याय, म्हणजे डोंगरावरील प्रवचन, येथपर्यंत ते आले आणि तेथें त्यांस थांबावें लागलें. शत्रूवरही प्रेम करा, दान गुप्तपणें करा, दुसऱ्याचा न्याय करूं नका, या उपदेशानें त्यांच्या अंतःकरणाचा ठाव घेतला. पुढें पत्रव्यवहार झाला, वाचन झालें, रात्रींच्या रात्रीं तळमळींत गेल्या. व १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. नोकरीच्या लोभानें किंवा परदेशगमनाच्या आशेनें हें झालें असें त्यांच्या वैऱ्यासही म्हणतां आलें नसतें, कारण यांत त्यांनीं मिळविल्यापेक्षां गमाविलें पुष्कळ अधिक.

आतां या प्रसंगांतील दोषही आम्ही लपविणार नाहीं. टिळकांनीं आपल्या पत्नीस विश्वासांत न घेतां हें पाऊल टाकलें. त्या वेळीं लक्ष्मीबाईंचें वय सत्ताविशीच्या आंतच होतें, पदरीं लहानगा दत्तू होता, आणि सोंवळ्याओंवळ्याच्या वातावरणांत वाढलेल्या त्या बाईंवर या वार्तेनें आकाश कोसळलें. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, अशा अवस्थेंत त्यांनीं नातेवाइकांच्या आधारानें सुमारें चार-पांच वर्षें काढलीं. त्यांतील कांहीं काळ पंढरपुरास गेला. ज्याच्या अंतःकरणांत जगाविषयीं करुणा दाटली होती त्यास आपल्या घरांतील एका माणसाची वेदना आधीं दिसूं नये, ही मोठी चूक होय. थोर पुरुषांच्या चरित्रांत अशा चुका पुष्कळ सांपडतात व त्या भक्तिभावानें झांकल्या जातात. झांकल्यानें त्या चुका नाहींशा होत नाहींत.

परंतु दोष एकट्या टिळकांचा नव्हे. त्यांच्यावर बहिष्कार पडला. ज्ञातीनें त्यांस मेलेले धरलें. ज्या समाजास आपल्या एका विद्वान पुत्राशीं वाद करतां आला असता त्यानें त्यास दार लावून घेतलें. दार लावणें फार सोपें. त्यास विद्या लागत नाहीं, शास्त्र लागत नाहीं, फक्त एक कडी लागते. तरीही टिळकांनीं दुसरा संसार मांडला नाहीं व बायकोवर बळजबरीही केली नाहीं. ते पत्रांवर पत्रें पाठवीत राहिले. शेवटीं लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ अहमदनगरास राहावयास आल्या, त्याही आपलें सोंवळें संभाळून. पुढें स्वतःच्याच विचारानें जातिभेद त्यांस खोटा वाटूं लागला, तेव्हां कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर आपल्या बुद्धीनें त्यांनीं तो टाकला व इ. स. १९०० मध्यें बाप्तिस्मा घेतला. श्रद्धा ही ज्याची त्यानें कमवावयाची असते, ही गोष्ट या घरांत नवऱ्यानें बायकोपासून शिकावी अशी झाली.

येथून टिळकांच्या काव्याचा दुसरा काल सुरू होतो. नगरास ख्रिस्ती धर्मशिक्षणाचें काम करीत असतां त्यांच्या भाषेवरील पंडिती दागिने एकेक उतरूं लागले. फुलें, पांखरें, लहान मुलें, घरांतील सुखदुःख हे त्यांच्या कवितेचे विषय झाले. ‘वनवासी फूल’, ‘सुशीला’, ‘बापाचे अश्रू’, ‘केवढें हें क्रौर्य’ इत्यादि कवितांनीं महाराष्ट्रांतील घरोघरीं प्रवेश केला. केशवसुत हे १८६६ सालीं जन्मले व १९०५ सालीं वारले. नवी मराठी कविता घडविणारांत त्यांच्या बरोबरीनें टिळकांची गणना होते. हीं काव्यें वाचणारा हिंदु आहे कीं ख्रिस्ती, असा प्रश्न त्यांत कोठेंच उद्भवत नाहीं. जखमी पांखराच्या दुःखास धर्म कोणता म्हणून कोणी विचारीत नाहीं. देशावरील प्रेमाचीं गाणींही त्यांनीं लिहिलीं. ख्रिस्ती झालेला मनुष्य परक्या राज्यकर्त्यांचा बंदा होतो, असा जो आक्षेप त्या काळीं घेतला जाई, त्यास त्यांनीं आपल्या लेखणीनें उत्तर दिलें.

या ठिकाणीं एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. इ. स. १९०७ मध्यें जळगांव येथें कविसंमेलन भरलें. तेथें त्र्यंबक बापूजी ठोमरे नांवाच्या सतरा वर्षांच्या खानदेशी मुलानें आपली कविता म्हटली व सर्वांस चकित केलें. हेच पुढें बालकवि म्हणून प्रसिद्धीस आले. टिळकांनीं या मुलाचे गुण ओळखून त्यास आपल्या नगरच्या घरीं आणलें व पोटच्या मुलाप्रमाणें वागविलें; लक्ष्मीबाईंनीं त्यास आईची माया दिली. हा मुलगा या ख्रिस्ती घरांत वाढला, जेवला, रुसला, हंसला, आणि शेवटपर्यंत हिंदूच राहिला. टिळकांनीं त्याची कविता वाढविली. त्याचा धर्म पालटण्याच्या भरीस ते पडले नाहींत. ५ मे १९१८ रोजीं आगगाडीच्या अपघातांत बालकवींचा अंत झाला, तेव्हां या घरास पुत्रशोकासारखा धक्का बसला. मिशनऱ्यांच्या घरीं गेलेलें मूल बाटतेंच, असें म्हणणारांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

आतां ज्या कार्यानें टिळकांची श्रद्धा व कला एकजीव झालीं त्याकडे वळूं. अमेरिकन मराठी मिशन १८१३ सालापासून मुंबईंत व १८३१ पासून अहमदनगरास काम करीत होतें. नगर जिल्ह्यांत जे ख्रिस्ती झाले त्यांतील बहुसंख्य लोक महार-मांग समाजांतील, खेड्यांत राबणारे होते. परंतु त्यांच्या मंदिरांत जीं गीतें गाइलीं जात त्यांतील पुष्कळशीं इंग्रजी गीतांचीं भाषांतरें असून तीं इंग्रजी चालींवरच म्हटलीं जात. इंग्रजी गीताची चाल शब्दांवरील आघातावर चालते. मराठी पद्य अक्षरांच्या व मात्रांच्या मोजणीवर चालतें. एकाचा अंगरखा दुसऱ्यास घातला कीं कोठें बाही लांब होते, कोठें छाती आंवळते. ऱ्हस्व अक्षर ताणावें लागतें, दीर्घ अक्षर चेपावें लागतें, शब्द मधोमध तुटतो व अर्थ हवेंत विरतो. देशी चालींवर कीर्तनें व पदें रचणारे कृष्णराव सांगळे यांच्यासारखे गुणी पुरुष टिळकांपूर्वीं होऊन गेले होते, हें न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. पण मोठा ओघ परकाच होता.

टिळकांनीं हें पाहिलें आणि त्यांस एक साधी गोष्ट उमगली. जी भक्ति मनुष्याच्या आईच्या भाषेंत, आईच्या चालींत उतरत नाहीं ती त्याच्या जिभेवर राहते, काळजांत जात नाहीं. आणि महाराष्ट्रांत भक्तीची भाषा घडविण्याचें काम कोणास नव्यानें करावयाचें नव्हतें. ज्ञानोबा, नामदेव, जनाबाई, एकनाथ, तुकोबा यांनीं तें करून ठेवलें होतें. अभंगाची रचना पाहा. मोठ्या अभंगांत चार चरण. पहिले तीन सहा सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. दुसऱ्या व तिसऱ्या चरणाचें यमक जुळतें. एवढें सोपें कीं निरक्षरासही तो तोंडपाठ होतो, आणि टाळ-चिपळ्यांपलीकडे कांहीं साहित्य लागत नाहीं. ओंवी तर जात्यावर बसणाऱ्या प्रत्येक बाईची सोबतीण. टिळकांनीं हीं जुनींच भांडीं घासूनपुसून घेतलीं व त्यांत आपला नवा भक्तिरस ओतला. त्यांनीं भजनें लिहिलीं, पदें लिहिलीं, अभंग लिहिले, ख्रिस्ती कीर्तनें केलीं. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या ‘उपासना-संगीत’ या गीतग्रंथांत त्यांचीं दोन-अडीचशें गीतें आहेत. त्यांशिवाय मराठी ख्रिस्ती उपासनेची कल्पना करणें कठीण आहे.

यांत केवळ चाल पालटली असें नाहीं. श्रद्धेचें स्वरूपही पालटलें. आरंभीं ख्रिस्त हा टिळकांस थोर नीतिशिक्षक वाटला होता; पुढें तो गुरु झाला, मग सखा झाला, व शेवटीं वारकऱ्यांच्या विठाईप्रमाणें माउली झाला. परदेशांतील चर्चच्या भाषेंत देवाच्या पुत्रास आई म्हणण्याचा प्रघात नाहीं. मराठी माणसास मात्र देवास आई म्हटल्यावांचून त्याच्याशीं मोकळेपणानें बोलतांच येत नाहीं. तुकोबांच्या अभंगांवरूनच आपण ख्रिस्ताकडे आलों, असें टिळक उघडपणें सांगत. ज्या संतांस धर्मांतरित मनुष्यानें विसरावें अशी अपेक्षा असते त्यांचें ऋण त्यांनीं असें चारचौघांत मान्य केलें. परकी पेढी काढून बसलेल्यानें वडिलांच्या वहींतील देणें प्रामाणिकपणें आपल्या नांवें लिहून घ्यावें, तसेंच हें झालें.

इ. स. १९०४ मध्यें त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. १९०९ मध्यें त्यांनीं ‘ख्रिस्तायन’ हें ओंवीबद्ध महाकाव्य आरंभिलें. रामायण ज्याप्रमाणें ओंव्यांतून घरोघरीं गेलें त्याप्रमाणें ख्रिस्ताचें चरित्र जावें, ही त्यांची उमेद होती. परंतु दहा-अकरा अध्यायांपुढें त्यांच्या हातून तें गेलें नाहीं. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ या पत्राच्या मराठी भागाचें संपादनही त्यांच्याकडे आलें. हें पत्र १८४२ पासून चालत आलेलें होतें. संपादकाच्या खुर्चीवरून त्यांनीं एक मुद्दा वारंवार मांडला. हिंदुस्थानांतील ख्रिस्ती मंडळीनें परदेशी पैशावर व परदेशी हुकमतीवर किती काळ अवलंबून राहावयाचें? मिशनरी हा वडील भाऊ असावा, मालक असूं नये, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. पगार घेणाऱ्यानें पगार देणारास हें ऐकविणें किती कठीण आहे तें आमच्या नोकरदार वाचकांस सांगावयास नको.

शेवटीं त्यांनीं ती अडचणही दूर केली. सप्टेंबर १९१७ मध्यें त्यांस अंतरींचा असा कांहीं अनुभव आला कीं वेतनाची नोकरी सोडून त्यांनीं संन्यस्त वृत्तीनें राहण्याचा निश्चय केला. साताऱ्यास त्यांनीं ‘देवाचा दरबार’ नांवाची बंधुमंडळी स्थापिली. तींत बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर बाप्तिस्मा न घेतलेल्या पण ख्रिस्ताच्या शिकवणीवर प्रेम करणाऱ्या माणसांसही जागा होती. वयाची पंचावन्न वर्षें उलटल्यावर, प्रकृति ढांसळत असतां, हातचें वेतन सोडून देणारा हा मनुष्य बावीस वर्षांपूर्वीं ज्ञाति सोडून निघालेल्या मनुष्याहून वेगळा नव्हता. पहिल्या वेळीं आपल्या लोकांनीं त्यास वेडा म्हटलें. दुसऱ्या वेळीं त्याच्या नव्या लोकांपैकींही कित्येकांस त्याची पद्धत विचित्र वाटली. त्याच्या अखेरच्या काळांतील अभंग ‘अभंगांजलि’ या संग्रहांत आहेत. त्यांत ना पांडित्य आहे, ना प्रचाराची घाई; जुन्या वारकऱ्याच्या घशांतून निघावी अशी ती सरळ आळवणी आहे. विद्वत्सभेंतून निघालेली कविता अशा रीतीनें पायवाटेनें चालत घरीं आली.

दरबाराचें काम मात्र फार दिवस पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. ९ मे १९१९ रोजीं मुंबईंतील जे. जे. रुग्णालयांत त्यांचा अंत झाला. त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांच्या देहास मूठमाती न देतां अग्नि देण्यांत आला. आपल्या भूमीची रीत त्यांनीं मृत्यूनंतरही सोडली नाहीं. अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीं पुढें चालविलें व साठांहून अधिक अध्याय स्वतः रचिले. ज्या बाईंस नवऱ्याच्या धर्मांतरानें रस्त्यावर आणलें होतें त्यांनींच त्याचें काव्य पुरें करण्याचा भार उचलला. शिवाय ‘स्मृतिचित्रें’ लिहून त्यांनीं मराठींत आत्मचरित्राचा एक आदर्श निर्माण केला. त्यांतील टिळक देव नाहींत. रागावणारे, विसरणारे, घरांत शेर पीठ नसतां पाहुणे घेऊन येणारे असे ते आहेत, आणि म्हणूनच ते खरे वाटतात. लक्ष्मीबाई १९३६ सालीं वारल्या.

टिळकांचें सर्वच काव्य सारख्या मोलाचें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ते फार भराभर लिहीत, व भराभर लिहिणाराच्या हातून जें होतें तें त्यांच्याही हातून झालें; कित्येक गीतांत उपदेश पुढें व काव्य मागें असें दिसतें. त्यांच्या धर्ममताशींही प्रत्येक वाचक सहमत होईल असें नाहीं. तशी आमची अपेक्षाही नाहीं. परंतु आतां जमाखर्च मांडून पाहूं. ज्ञातीनें दार लावून काय मिळविलें? एका कुटुंबाचे हाल, याखेरीज त्या बाजूस कांहींच लिहितां येत नाहीं. टिळकांनीं काय दिलें? मुलांच्या तोंडीं बसणारी कविता, बालकवींसारख्या प्रतिभेस आश्रय, गांवकुसाबाहेरच्या माणसांच्या कंठीं तुकोबांच्या जातकुळीचा अभंग; आणि त्यांच्या घरांतून निघालेलें ‘स्मृतिचित्रें’ हें वेगळेंच. हें सर्व मराठीच्या जमेस पडलें, कोणा परक्या भाषेच्या नव्हे.

दुसरा बोध धर्ममंडळ्यांनीं घ्यावयाचा आहे, मग ती कोणत्याही धर्माची असो. परक्या सांच्यांतून काढलेली भक्ति फार दिवस टिकत नाहीं. जो धर्म या भूमींत राहूं इच्छितो त्यानें येथील बोली बोलली पाहिजे, येथील चाल गाइली पाहिजे व आपला खर्च आपण चालविला पाहिजे. टिळकांनीं हें सांगितलें आणि स्वतःच्या पदरास खार लावून करून दाखविलें.

आमच्या शहरांत आजही असा कोणीतरी असतो, ज्यानें घरच्या वाटेहून वेगळी वाट धरलेली असते. कोणी जातीबाहेर विवाह केलेला, कोणी धर्म पालटलेला, कोणी धर्मच सोडलेला. अशा माणसास वाड्यांत जागा देतांना, दुकानांत कामावर घेतांना, भागीदारींत सामील करतांना आपण कांकूं करतों. अशा वेळीं वाचकांनीं नारायण वामन टिळकांचें हें खातें एकवार पुन्हां उघडून पाहावें. वाद करावयाचा असेल तर अवश्य करावा, तोही तोंडावर व मोकळेपणानें करावा. फक्त दाराची कडी लावूं नये. बाहेर उभा असलेला मनुष्य आपल्याच भाषेंतलें एखादें गाणें घेऊन आलेला असण्याचा संभव आहे. आणि तें न ऐकण्यांत तोटा त्याच्यापेक्षां आपलाच अधिक, हें टिळकांच्या चरित्रानें पुरतेपणीं सिद्ध केलें आहे.